पुढून उचललेली पिकअप आणि अलाइनमेंट : वाचकांचे प्रश्न

जुन्या पिकअपची पुढची बाजू उचलून ती मागच्या बाजूला समांतर करण्याची हौस अमेरिकेत जुनी आहे, आपल्याकडेही ती आता रुजली आहे. उचलण्याचं काम एका दुपारचं असतं. त्यानंतरच्या, मुख्यतः अलाइनमेंटच्या म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, तक्रारींची पत्रं मात्र वर्षभर येत राहतात. त्यातली काही या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझी २००४ ची शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० फोर-बाय-फोर आहे. टॉर्शन की (पुढच्या टॉर्शन बारचं टोक धरणारा तुकडा) बदलून ती पुढून दोन इंच उचलून घेतली. त्याच दिवशी दुकानात अलाइनमेंट केलं, मशिनवर सगळे आकडे हिरवे आले. तरी हायवेवर गाडी सरळ धरत नाही, सारखं स्टेअरिंग सावरावं लागतं. तीन हजार मैलांत पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा घासल्या. पुन्हा अलाइनमेंट करून घेऊ का?
(डॅलस, टेक्सास)

उत्तर : करायचंच आहे, पण सगळ्यात शेवटी. तुमच्या पत्रातला ‘त्याच दिवशी’ हा शब्द आम्हाला पहिला खटकला. गाडी जॅकवरून उतरवली की पुढची चाकं आतल्या बाजूला ओढलेल्या अवस्थेत जमिनीला टेकतात. टायरची पकड त्यांना बाहेर सरकू देत नाही, त्यामुळे गाडी खऱ्या उंचीपेक्षा वर उभी राहते. दहा-पंधरा मैल चालवल्यावर ती बसते. त्याआधी लावलेले आकडे दुसऱ्या दिवशी तेच राहत नाहीत.

आता आत काय बदललं ते पाहू. टॉर्शन बार हा पिळाने काम करणारा स्प्रिंग आहे. ही की बदलली किंवा तिच्यावरचा बोल्ट आवळला, तर फक्त उंची बदलते, बारचा कडकपणा आहे तेवढाच राहतो. तरीही गाडी आपटते, कारण चाक चेसिसला जोडणारा आर्म (वर एक, खाली एक) खालच्या दिशेने झुकलेला असतो आणि चाकाला खाली जायला जागा उरत नाही. छोट्या खड्ड्यातही वरचा आर्म त्याच्या रबरी स्टॉपला जाऊन धडकतो. ‘बार कडक झाले’ असं समजून लोक शॉकअप बदलतात आणि पैसे वाया घालवतात.

आर्मबरोबर टाय रॉडही (स्टेअरिंगकडून चाक वळवणारे दांडेही) झुकतात आणि टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत की बाहेर वळलेली आहेत तो कोन, हलतो. दोन इंचांच्या उचलीत सर्वांत मोठा फरक बहुधा टोमध्येच दिसतो. कॅम्बर साधारणपणे प्लसकडे जातो, म्हणजे चाकं वरून बाहेर कलतात. कॅस्टरचं गणित थोडं फसवं आहे. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो वरच्या टोकाला किती मागे झुकला आहे ते, सायकलचा चिमटा हँडलकडे मागे कललेला असतो तसं. तुमच्या गाडीचा व्हीलबेस सुमारे ३६५० मिमी धरला आणि पुढून ५० मिमी उचललं, तर संपूर्ण चेसिस ०.८ अंश मागे कलते. कागदावर कॅस्टर तेवढा वाढायला हवा. प्रत्यक्षात आर्म ज्या वर्तुळात फिरतात त्यामुळे यातला काही भाग, कधी सगळाच, परत जातो. उरलेला घास कॅम्बर दुरुस्त करताना जातो.

तो कसा, हे समजलं की तुमची तक्रार सुटते. या गाडीत वरच्या आर्मच्या दोन बोल्टांना एक्सेंट्रिक कॅम (मध्य सोडून भोक असलेल्या चकत्या, फिरवल्या की बोल्ट सरकतो) आहेत, पुढे एक आणि मागे एक. दोन्ही कॅम सारखेच आत घेतले की आर्म आत येतो आणि कॅम्बर मायनसकडे जातो. पुढचा कॅम बाहेर आणि मागचा आत घेतला की बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) मागे सरकतो आणि कॅस्टर वाढतो. दोन्ही कामं त्याच दोन कॅमवर आणि त्यांची चाल मर्यादित. कॅम्बर जास्त प्लस असेल तर दोन्ही कॅम आत नेण्यातच चाल संपते, कॅस्टरला काही उरत नाही. बऱ्याच गाड्यांत कॅस्टरचा हिरवा पट्टा दोन अंश रुंद असतो. आकडा त्या पट्ट्याच्या तळाशी असला तरी रंग हिरवाच येतो. रंग सोडा आणि मशिनच्या छापील शीटवरचा कॅस्टरचा आकडा वाचा. तो अडीच अंशांच्या आत असेल तर गाडी भटकण्याचं कारण बहुधा तेच.

(१९८८ ते १९९८ या काळातली, आधीच्या पिढीची शेव्हरोले पिकअप कोणाकडे असेल तर एक वेगळी अडचण येते. तिच्या ब्रॅकेटमधले पत्र्याचे नॉकआउट (ठोकून काढायचे तुकडे) काढून कॅम किट बसवल्याशिवाय वरचा आर्म हलतच नाही. ‘अॅडजस्टमेंट नाही’ असं सांगणारा दुकानदार खोटं बोलत नसतो, त्याने फक्त अर्धंच सांगितलेलं असतं.)

आता क्रम. टायरमध्ये हवा बरोबर भरा. हौद्यात कायम राहणारी अवजारांची पेटी असेल तर ती तिथेच ठेवा, टाकी अर्धी असू द्या. सपाट जागी हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. हे माप टायरच्या हवेवर अवलंबून नसतं. डाव्या-उजव्यात ६ मिमीपेक्षा जास्त फरक नको. उंची बदलायची असेल तर पुढची चाकं अधांतरी ठेवून, चेसिसखाली घोड्या देऊन, बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून मगच फिरवा. गाडीचं वजन अंगावर असताना फिरवलेले गंजके बोल्ट आटे खाऊन बसतात. एका फेऱ्याला किती उंची मिळते ते प्रत्येक गाडीत वेगळं असतं, म्हणून दोन फेरे द्या, गाडी खाली घ्या, चालवून आणा आणि मोजा. की स्वतः काढायची वेळ आली तर बारचा ताण उतरवण्याचं खास दोन जबड्यांचं साधन भाड्याने आणा. साध्या सी-क्लॅम्पने हे काम करू नका. क्लॅम्प निसटला तर पिळलेला बार हाड मोडू शकतो.

मग सांध्यांतला प्ले (ढिलेपणा) तपासा. तुमच्या फोर-बाय-फोरला रॅक (दातेरी दांड्याचं स्टेअरिंग) नाही, स्टेअरिंग बॉक्स आहे. त्यासोबत पिटमन आर्म (बॉक्सकडून मधला रॉड हलवणारा) आणि आयडलर आर्म (त्या रॉडचं दुसरं टोक पेलणारा) येतात आणि या पिढीत हे दोन्ही लवकर झिजतात. एकाला इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग थोडं डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगा आणि खालून बघा. मधला रॉड आडवा सरकण्याऐवजी वर-खाली डुलत असेल तर आयडलर गेला. असा आयडलर उभ्या गाडीत टो बरोबर दाखवतो आणि धावत्या गाडीत तो बदलत राहतो. हिरवी शीट आणि घासलेले टायर एकत्र येण्याचं दुसरं कारण हे. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि हबचं बेअरिंगही हलवून बघा. काही बदलायचं असेल तर अलाइनमेंटच्या आधी.

यानंतरची पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. आर्मच्या बोल्टभोवतीचे रबरी बुश आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेले असतात. फॅक्टरीत बोल्ट आवळले तेव्हा आर्म जुन्या उंचीवर होता, म्हणून उचललेल्या गाडीत ते रबर चोवीस तास पिळलेलं राहतं. चाकं जमिनीवर ठेवून, नव्या उंचीवर, खालच्या आर्मचे बोल्ट सैल करा, गाडी दोन-चार वेळा दाबून सोडा आणि पुन्हा सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. वरच्या आर्मचे बोल्ट कॅमचेच आहेत, ते अलाइनमेंटच्या वेळी आपोआप सैल होतात. हे केलं नाही तर बुश लवकर फाटू शकतात, आणि उंचीही थोडी खोटी दिसते.

आता अलाइनमेंट. दुकानदाराला आकडे लिहून द्या : कॅम्बर शून्य ते उणे पाव अंश, कॅस्टर डावीकडे ३.५ आणि उजवीकडे ३.८ अंशांच्या आसपास, एकूण टो आत ०.१० ते ०.२० अंश. क्रमही लिहा : आधी कॅस्टर-कॅम्बर, मग टो, कारण कॅम हलला की टो हलतो. कॅमचे नट आवळल्यावर आकडे पुन्हा वाचायला सांगा, आवळताना कॅम सरकण्याची वाईट सवय असते. टो लावताना इंजिन चालू हवं, म्हणजे पॉवर स्टेअरिंग खऱ्या मध्यावर राहतं. चाकांचे नट १४० फूट-पौंड, म्हणजे १९० न्यूटन-मीटर.

कॅमची चाल संपली आणि कॅस्टर तरी तीन अंशांवर येत नसेल तर दोन मार्ग आहेत. बॉल जॉइंटची जागा बदललेले तयार वरचे आर्म घेणं हा एक. दुसरा म्हणजे दोन इंचांवरून दीड इंचावर, म्हणजे ३८ मिमीवर येणं. आम्ही दुसरा सुचवू. त्याला पैसे लागत नाहीत, दिसण्यात फरक जेमतेम कळतो आणि पुढच्या एक्सेलच्या सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या वाकत्या सांध्याचा) कोनही कमी होतो. दोन इंचांवर त्यांचे रबरी बूट दुमडून फाटू लागतात. आठशे-हजार किलोमीटरनंतर उंची पुन्हा मोजा. ५ मिमीपेक्षा जास्त बसली असेल तर टो तरी पुन्हा बघावा लागेल.

प्रश्न : माझी महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे आहे. टॉर्शन बारचे बोल्ट आवळून पुढून दीड इंच उचलली. गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंटवाला म्हणतो, ‘याला फक्त टो होतो.’ पण वरच्या आर्मच्या शाफ्टमागे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) दिसतात. एका अमेरिकन व्हिडिओत डाव्या चाकाचा कॅस्टर थोडा कमी ठेवायला सांगितलंय. तसं करू का?
(नाशिक)

उत्तर : तसं केलंत तर ओढ वाढेल. गाडी नेहमी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, रस्त्याचा उतार उजव्या कडेकडे असतो, म्हणून तिथे डावा कॅस्टर किंचित कमी ठेवून तो उतार मारतात. वरच्या उत्तरातले ३.५ आणि ३.८ हे आकडे त्याच हिशेबाचे आहेत. आपण डावीकडून चालतो, उतार डावीकडे, म्हणून आपल्याकडे उजवा कॅस्टर डाव्यापेक्षा ०.२ ते ०.३ अंश कमी हवा. अर्ध्या अंशाच्या वर मात्र फरक नको, नाहीतर सपाट काँक्रीटच्या रस्त्यावर गाडी उजवीकडे जाईल. कॅम्बरचा नियम वेगळा : ज्या बाजूचा कॅम्बर जास्त प्लस, त्या बाजूला ओढ.

कोनांना हात लावण्याआधी पुढचे दोन टायर आपसात बदला. ओढ बाजू बदलून उजवीकडे गेली तर दोष टायरचा आहे. चालवून आणल्यावर दोन्ही हबजवळ लांबूनच हात धरून बघा. एक खूप तापलेला असेल तर ब्रेक धरतोय. हे दोन्ही नसेल तर शिमकडे वळा.

शिम आहेत म्हणजे कॅस्टर-कॅम्बर होतात. ‘होत नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘वेळ जातो आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही धरत नाही’ असा असतो. पुढच्या आणि मागच्या बोल्टवर सारख्याच जाडीच्या शिम घातल्या किंवा काढल्या तर फक्त कॅम्बर बदलतो. एका बोल्टवरची काढून दुसऱ्यावर घातली की मुख्यतः कॅस्टर बदलतो. दिशा ठरवताना शाफ्ट कुठे बसलाय ते बघा. शाफ्ट ब्रॅकेटच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे चाकाच्या बाजूला असेल, तर शिम वाढवल्यावर आर्म बाहेर जातो आणि कॅम्बर प्लस होतो. आतल्या, म्हणजे इंजिनच्या बाजूला असेल तर उलट. हे न बघता दुसऱ्या मॉडेलचा अनुभव लावणारे मिस्त्री भलतीकडे जातात आणि मग ‘गाडीच वाकडी आहे’ असा निकाल देतात. एका वेळी १ मिमीचीच शिम हलवा आणि पुन्हा मोजा. चाकं जमिनीवर असताना, नट शिम सरकण्यापुरताच सैल करा, पूर्ण काढू नका. आवळल्यावर नटाच्या बाहेर निदान दोन आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर शिम जास्त झाल्या.

कॅस्टर मोजण्यासाठी चाकं टर्नटेबलवर घेऊन स्टेअरिंग ठराविक अंश डावीकडे-उजवीकडे वळवावं लागतं. दुकानात हे झालं नाही तर शीटवरचा कॅस्टर जुना किंवा रिकामा असतो. आधीची आणि नंतरची, दोन्ही शीट मागा.

गाडीवर नियमित माल भरत असाल तर आणखी एक बाब. पिकअपची मागची बाजू कंपनी उगाच वर ठेवत नाही. भरल्यावर पाटे दबून गाडी समांतर यावी म्हणून ती वर असते. पुढून उचललेली गाडी भरल्यावर मागे बसते आणि पुढच्या चाकांवर येणारा वजनाचा वाटा कमी होतो. जितका माल बहुतेक दिवस असतो तितका हौद्यात ठेवूनच अलाइनमेंट करा. अर्धा टन माल रोजचाच असेल तर दीड इंचाची उचल उतरवून अर्ध्या इंचावर आणावी असं आमचं मत आहे.

प्रश्न : अलाइनमेंटचं दुकान चाळीस किलोमीटर दूर आहे. उचलल्यावर तिथपर्यंत जाण्यापुरता टो घरी बसवता येईल का?
(माणगाव)

उत्तर : येईल, टेप आणि खिळा पुरतो. पुढचं चाक उचला, हाताने फिरवत राहा आणि ट्रेडच्या (टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाच्या) मध्यावर खिळा स्थिर धरून सबंध घेराभर एक बारीक रेघ ओढा. आधी तिथे खडू फासला तर रेघ उठून दिसते. दोन्ही चाकांवर रेघा झाल्या की गाडी खाली घ्या, सरळ पुढे निदान तीन मीटर ढकला आणि थांबवा. मागे ढकलून मोजू नका, सांध्यातला प्ले उलट्या बाजूला जातो. आता हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर टायरच्या पुढून आणि मागून मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा २ मिमी कमी हवं. २४५/७५ आर १६ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिमी असतो. त्यावर हे २ मिमी म्हणजे एकूण ०.१५ अंश. मधे इंजिन किंवा डिफरन्शियल आड आलं तर दोन्ही टोकांना सारख्या उंचीच्या खुंट्या लावलेली सरळ पट्टी वापरा.

दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा, नाहीतर स्टेअरिंग तिरकं बसेल. तिरकं बसलं म्हणून स्टेअरिंग काढून सरळ लावू नका. बॉक्स मध्यावरून हलतो आणि दोष तसाच राहतो.

इतकी खटपट चाळीस किलोमीटरसाठी कशाला, असं वाटेल. प्रत्येक चाकाचा टो पाव अंश चुकला तरी ते दर किलोमीटरला सुमारे ४.४ मीटर आडवं घासतं. उचलल्यावर चूक एक अंशाचीही असू शकते. दोरा बांधून रिमवर मोजण्याची पद्धतही आहे, पण रिमच्या ४३० मिमी व्यासावर एका चाकाचा फरक अर्ध्या मिमीचा येतो, साध्या पट्टीने तो पकडणं कठीण.

जाता जाता टायरवर तळहात फिरवा. आतून बाहेर फिरवताना रेषांच्या कडा बोटांना बोचत असतील आणि बाहेरून आत गुळगुळीत लागत असेल, तर टो आत जास्त आहे. उलट असेल तर टो बाहेर. काही बोचत नाही पण एकच कड झिजली आहे, तर कॅम्बर.

प्रश्न : जुन्या जीपला पुढे पाटेच आहेत. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) टाकून उचलल्यावर स्टेअरिंग वळणानंतर परत येत नाही.
(सातारा)

उत्तर : शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर कारण उघड आहे. ५० मिमी लांब शॅकलने गाडी २५ मिमीच उचलली जाते, पण पाटा पुढे खाली झुकतो, एक्सेल पुढे कलतो आणि कॅस्टर दोन अंशांच्या आसपास कमी होतो. एक्सेल आणि पाट्यामध्ये २ अंशांच्या स्टीलच्या पाचरी घाला. एक्सेल पाट्याच्या वर बसलेला असेल तर पाचरीचं जाड टोक पुढे, पाट्याखाली असेल तर जाड टोक मागे. पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं पाचरीतून एक्सेलच्या भोकात पुरेसं शिरतंय ना, ते तपासा. शिरत नसेल तर लांब डोक्याचा बोल्ट लागेल, कारण तो सुटला तर एक्सेलच सरकतो. कॅम्बर या एक्सेलवर हलत नाही, तो बिघडला असेल तर एक्सेल वाकलाय किंवा किंगपिन (चाक ज्यांवर वळतं त्या पिना) गेलेत.

प्रश्न : पुढून दोन इंच उचलल्यापासून समोरचे लोक सारखे डिपर मारतात. लाइट तर खालचाच असतो.
(पुणे)

उत्तर : लाइट आता खालचा राहिलेला नाही. ३६५० मिमी व्हीलबेसवर ५० मिमी उचल म्हणजे दहा मीटरवर प्रकाश सुमारे १३७ मिमी वर. तिथे तो हेडलाइटच्या मध्यापेक्षा १०० मिमी खाली असायला हवा. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा आणि मध्याच्या उंचीवर व त्याच्या १० सेंमी खाली अशा दोन आडव्या रेघा खडूने काढा. हेडलाइटच्या मागचा, प्रकाश वर-खाली करणारा स्क्रू फिरवून प्रकाशाची वरची कड खालच्या रेघेवर आणा. व्हीलबेस तोकडा असेल तर फरक याहून जास्त येतो. उंची पुन्हा बदलली की हेही पुन्हा करावं लागतं, म्हणून हे काम अलाइनमेंट झाल्यावर करा.